टेलरचे तरंगे

३ मार्च, मंगळवार

वहिनींच्या मागच्या दाराचं कुलूप अडकत होतं म्हणून तेलाची कुपी घेऊन गेलो, आणि परत आलो ते हातगाडीवर दोन भलेमोठे तरंगे लादून. सूनबाई दारातच उभी.

"बाबा, हे काय? पाण्याच्या टाक्या?"

"होडीचे तरंगे आहेत. टेलरचे."

तिनं वाकून पाहिलं. "आजारी दिसताहेत."

दिसताहेत खरे. माणसाएवढे लांब, दोन्ही टोकांना निमुळते, आतून पोकळ, पिवळ्या प्लास्टिकचे. कयाकच्या, म्हणजे आमच्या अरुंद होडीच्या, दोन्ही अंगांना आडव्या दांड्या टाकायच्या आणि त्यांच्या टोकांना हे बांधायचे, म्हणजे शिडात कितीही वारं भरलं तरी होडी कलंडत नाही. पण एकाच्या पाठीत घमेलंभर पोचा, दुसऱ्याच्या पाठीत त्याहून उथळ. आणि गंमत म्हणजे ह्यांना अजून पाणी लागलेलंच नाही. एकदाही नाही.

वहिनी घर आवरताहेत. महिनाअखेरीला मुलीकडे जाणार, कायमच्या. कयाक तळ्यावरच्या क्लबाला देऊन टाकणार म्हणाल्या. मी सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही एकदा तरी बसलात का हो तिच्यात?"

"छे! तुम्ही दोघं पहिल्याच दिवशी उलटलात ते काठावरून पाहिलंय मी. तेव्हाच कानाला खडा लावला. हे म्हणायचे, तरंगे लागले की तुला बसवतो. तरंगे आले आणि ह्यांचं दुखणं सुरू झालं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग जायच्या आधी मी बसवतो."

त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. आता बोलून बसलोय खरा.

५ मार्च

टेलर म्हणजे माझा दोस्त, वहिनींचा नवरा. आता नाही तो. दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव होतं, पण ते पाटीवरच राहिलं. माझं दुकान त्याला लागून. फुटक्या बादल्या, मोडक्या खुर्च्या, गळके टब, जे लोकांनी टाकून द्यायचं ठरवलेलं असे ते माझ्याकडे येई. मला कुणी शिकवलं नाही. प्लास्टिक भाजत, बोटं भाजत शिकलो. आमच्या मधल्या भिंतीची एक वीट मीच काढली होती. त्या भोकातून चहा जायचा, कात्री यायची, आणि दिवसभर गप्पा. गिऱ्हाईकांना वाटायचं हा भिंतीशी बोलतो.

कयाक कुणीतरी तळाला चीर पडली म्हणून माझ्याकडे आणून टाकली आणि न्यायला आलंच नाही. मी चीर बुजवली. टेलरनं भोकाला डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, "हिला अंगरखा शिवतो." तंबूच्या कापडाचं शीड शिवलं त्यानं, आणि त्याला काखेत चुण्या घातल्या. काखेत! मी म्हटलं, अरे शिडाला काख असते का? म्हणाला, "जिथं ओढ बसते तिथं काख." आणि त्या शिडात वारं असं भरायचं की बघत राहावं.

उलटलो त्या दिवशी टेलर पाण्यावर आला तो ओठ गच्च मिटून. तोंडात टाचण्या धरायची सवय! पाणी गिळलं असतं तर टाचण्या गेल्या असत्या पोटात, असं त्याच्या जिभेला वाटलं असणार.

पोचे कशानं पडले ह्याचा विचार करतोय. माझ्या मते ऊन. मागच्या अंगणात पश्चिमेच्या भिंतीला लागून पडले होते, विटांवर. भिंत तापते, प्लास्टिक मऊ पडतं, आपल्याच वजनानं खचतं. वहिनींना तसं सांगितलं. त्या "असेल" म्हणाल्या आणि चहा आणायला आत गेल्या.

८ मार्च, रविवार

फजिती. उथळ पोच्याचा तरंगा आधी घेतला, सोपा म्हणून. बंबभर कढत पाणी ओतलं, प्लास्टिक मऊ झालं, आणि बुचाच्या जागी नळी बसवून सायकलच्या पंपानं हवा मारली. पोचा टप् करून वर आला. मी खूश. खुशीत आणखी चार हात मारले. शेजारची बाजू फुगत गेली आणि गालगुंड झाल्यासारखी तट्ट झाली.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, नवे मिळतात हो."

सूनबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर घेऊन आत गेले. मग मला म्हणाली, "मफलर बांधू का ह्याला?"

चेष्टाच केली तिनं. पण बोलली ते लाखमोलाचं.

१० मार्च

मफलरच हवा होता! प्लास्टिक मऊ असताना त्याला चहूकडून पट्टे आवळायचे, म्हणजे हवा फक्त पोच्याच्या बाजूनंच ढकलेल. वहिनींकडे टेलरच्या चिंध्यांचं गाठोडं होतं. त्यातून कमरपट्ट्यांचं जाड कापड निघालं, आणि पट्टे आवळायला वहिनीही आल्या.

आमच्या मागच्या आवारात आम्ही दोघं म्हातारी आणि मध्ये वाफाळणारा तरंगा. त्या किटलीनं पाणी ओतत होत्या, मी पंप मारत होतो.

"भाऊजी, पुरे. तो फुटेल नाहीतर तुम्ही."

"मी नाही फुटत. मला आतून जोड दिलेत."

किती दिवसांनी असं हसलो. आमची ही गेल्यापासून आवारात इतका आवाज झाला नव्हता. सूनबाईसुद्धा खिडकीत येऊन बघून गेली.

तरंगा थंड होईपर्यंत पट्टे तसेच ठेवले. सोडले तेव्हा नवा कोरा! वहिनींनी पोचा होता तिथून तळहात फिरवला. दोनदा फिरवला. म्हणाल्या, "किती गुळगुळीत झालं." चहा मात्र अर्धाच टाकून घरी गेल्या. दमल्या असतील. वाफ बाधते ह्या वयात.

१४ मार्च

पहिला तरंगा पुन्हा काढला. शेपटाकडे किंचित चपटा वाटतोय. पुन्हा पाणी, पुन्हा पट्टे. वहिनींना बोलावलं होतं. त्या आल्या, बाजूला बसून शेंड्यापासून बुडख्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मला तर सरळच दिसतोय."

"शिवणाऱ्याच्या घरात राहून तुम्हाला तिरपं दिसत नाही?"

"तिरपं दिसतं. हे दिसत नाही."

संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, मंगळवारी तर झाला म्हणाला होतात."

कामात घाई केली की काम नासतं. हे आजच्या मुलांना कळत नाही.

१७ मार्च, मंगळवार

खोल पोच्याचा तरंगा घेतला. ह्याचं वेगळंच दुखणं. हवा भरतो, धरत नाही. साबणाचं पाणी लावलं तर उजव्या अंगाला, पोच्यापासून हातभर अंतरावर, बुडबुड्यांचं मोहोळ उठलं. बारीक बारीक भोकं, पाचसहा नव्हे, पुंजकाच. बाकी सगळीकडे ठणठणीत. हलकं प्लास्टिक, दुसरं काय! भट्टीत कचरा पडला असणार. बनवणाऱ्याला मनातल्या मनात लाखोली वाहिली आणि तापलेल्या सळईनं, त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी वितळवत, एकेक भोक बुजवत बसलो.

दुपारी वहिनी आल्या. खूप वेळ उभ्या राहून पाहत होत्या.

"सगळी बुजवलीत?"

"एक राहिलंय."

"ते आजचा दिवस राहू दे."

"का हो?"

"काही नाही. उद्या बुजवा."

जुनी माणसं म्हणायची, काम पुरतं संपवून उठू नये, थोडं बाकी ठेवावं. त्यातलंच काही असेल. मी सळई विझवली.

भोकं बुजवताना टेलरचीच आठवण येत होती. वारा कुठून येतोय ते बघायला तो एक दोरा दातात धरायचा आणि तोंड वर करायचा. दोरा ज्या बाजूला उडेल त्या बाजूला हात करून म्हणायचा, "चला, इकडून कापा." कात्रीनं वारा कापायचा असल्यासारखा. नंतर त्यानं डोलकाठीलाच लाल दोरा बांधला. अजून आहे. फिका पडलाय.

१९ मार्च

शेवटचं भोक बुजवलं. हवा धरते. आता पोचा काढायचा.

२१ मार्च, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

आमच्या आवारात ऊन नीट येत नाही. म्हणून खोल पोच्याचा तरंगा वहिनींच्या मागच्या अंगणात नेला, त्या तापणाऱ्या भिंतीपाशी. म्हटलं, आधी उन्हात शेकू दे, मग पाणी कमी लागेल. विटा जागच्या जागी होत्या. तरंगा त्यांच्यावर ठेवला तर असा चपखल बसला की जणू विटा त्याच्यासाठीच मांडल्यात. हातगाडी ढकलून मी दमलो होतो. टेकायला दुसरं काही नव्हतं, तर त्याच्यावरच टेकलो.

पोचा मला बसला. म्हणजे खुर्ची बसते तसा. पाठ भिंतीला लागली. उजवी मांडी खाली सरकली, डाव्या पायाची घडी घालावीशी वाटली, घातली, तर पोच्याची डावी कड त्यासाठीच उतरती झालेली. समोर कुंपणाच्या फटीतून तळं. पूर्ण नाही, एक पट्टी, पण त्या पट्टीतून एक शीड गेलं ते दिसलं. उजवा हात आपसूक बाजूला पडला तो नेमका माझ्या बुजवलेल्या भोकांवर.

डाव्या पायाची घडी घालून कोण बसायचं? आयुष्यभर भिंतीच्या भोकातून मी ती घडी पाहिलीय.

वहिनी चहा घेऊन दारात आल्या आणि मला तसं बसलेलं पाहून थांबल्या. कपातला चहा बशीत सांडला.

मी म्हटलं, "इथं बसायचा का तो?"

"रोज. दुपार कलली की. मशीनवर बसवेना, म्हणून हातशिलाई घेऊन." त्या पायरीवर बसल्या. "दाभण जिथल्या तिथं टोचून ठेवायचे. शंभर वेळा सांगितलं, अहो भोकं पडतील त्याला. तर म्हणायचे, पडू देत, बुजवायला आहे माझा माणूस."

त्याचं दुखणं सुरू झालं त्या उन्हाळ्यात मी मोठ्या मुलीकडे होतो, डोळ्यांच्या ऑपरेशनला. परत आलो तोवर टेलर अंथरुणाला खिळलेला, पुढच्या खोलीत. हे अंगण तेव्हा मी पाहिलंच नव्हतं.

"आणि दुसरा? उथळ पोच्याचा?"

"मी बसायचे त्याच्यावर. त्यांना दोरा ओवता येईना शेवटी. मी ओवून द्यायचे."

अरे देवा! मी तो कढत पाणी ओतून, पट्टे आवळून, दोन दोनदा सपाट केला. आणि पाणी ओतायला त्यांनाच बसवलं.

"वहिनी, मग मला अडवलं का नाही?"

"तुम्ही इतक्या हौसेनं करत होतात." त्यांनी पदराला हात पुसले. "माझा गेला तर गेला, भाऊजी. मी आहे की अजून बसायला. त्यांचा तेवढा राहू दे."

चहा गार झाला होता. दोघांनी तसाच प्यायला.

२३ मार्च

वहिनींना समजावून सांगितलं. एक तरंगा गोल आणि एक पोचा पडलेला, असं चालत नाही. पोचलेल्यात हवा कमी, तो जास्त बुडणार, होडी त्या अंगाला ओढणार, सुकाणू सतत उलटं धरावं लागणार. ह्याचा नीट विचार करायला हवा. दांड्या नव्यानं बसवायला हव्यात, चाचणी घ्यायला हवी, महिना दीड महिना तरी. तुम्ही पुढच्या महिन्यात गेलात तर नाही का चालणार?

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, तरंगेल की बुडेल?"

"तरंगेल."

"मग?"

घरी येऊन सूनबाईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरता चिरता म्हणाली, "बाबा, तुम्हाला होडी दुरुस्त करायचीय की काकूंना थांबवायचंय?"

काहीतरीच बोलते. मी उठून आवारात गेलो आणि दांड्या मोजत बसलो. मोजायचं काही नव्हतं.

२५ मार्च

सुचलं! पोचलेल्या तरंग्याची दांडी हातभर बाहेर सरकवायची. लांब हातावर कमी वजनही भारी पडतं, तराजूत पडतं तसं. म्हणजे तो कमी तरंगला तरी तोल सांभाळेल. सकाळी सुचलं आणि दुपारपर्यंत झालंसुद्धा. आधीच सुचायला काय हरकत होती कुणास ठाऊक.

कयाक आता एक हात लांब करून झोपलेल्या माणसासारखी दिसते. तिला कुणी देखणी म्हणणार नाही.

२८ मार्च, शनिवार

गेलो.

चिरंजीवांनी सकाळीच गाडीच्या टपावर सगळं बांधून तळ्यावर पोचवलं. वहिनी आल्या त्या अंगात एक गोष्ट घालून. निळ्या कापडाचं जाकीट, आत फोमचे कप्पे, कप्प्याकप्प्यावर हातशिलाईचे बारीक टाके, गळ्याशी दोन बंद. मी न विचारता ओळखलं तो त्या उन्हाळ्यात काय शिवत होता.

"मापं घेतली होती का त्यानं?"

"त्यांनी कधी घेतलीयेत माझी मापं? बघायचे नि शिवायचे."

जाकीट खांद्यावर सैल पडत होतं. मी म्हटलं, "पहिल्यांदाच चुकला टेलर."

"ते नाही चुकले. मी आटले."

बंद मी आवळून दिले. त्यांना पुढच्या जागेवर बसवताना माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. काठ सुटला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. होडी डावीकडे झुकली, पोचलेल्या तरंग्यानं पाण्याला टेकून तिला धरलं, मग उजवीकडे झुकली, गोल तरंग्यानं धरलं. असं दोनचारदा झालं. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"पडत नाही की हो ही."

"नाही पडत."

"इतकी वर्षं मी उगाच घाबरले."

"उगाच नाही. तेव्हा पडायची."

वारं मंद होतं. लाल दोरा उठला, मी शीड सोडलं, आणि त्या काखेच्या चुण्यांत वारं भरलं. वहिनींनी मागे वळून शिडाकडे पाहिलं, नुसतं शिडाकडे नाही, शिवणीकडे. तंबूच्या त्या जाड कापडातून ऊन झिरपत होतं आणि प्रत्येक टाका वेगळा दिसत होता.

मध्यावर गेल्यावर त्या म्हणाल्या, "ही एका बाजूला ओढतेय का?"

"जरा ओढतेय. त्याच्या अंगाला."

"ओढू दे."

मी सुकाणू सैल सोडलं. होडीनं एक भलंमोठं वळण घेतलं. काठावर वहिनींचं घर दिसलं, कुंपण, कुंपणातली फट, फटीपलीकडची भिंत. त्या खूप वेळ त्या फटीकडे पाहत होत्या. तिथून इकडे बघणाऱ्याला आपण कसे दिसत असू, हे मीही मनात बघत होतो.

लाटांचं थोडं पाणी उडून पोच्यात साठलं होतं. ओंजळभर. होडी हलली की तेही हलायचं, सांडायचं नाही. परत येईपर्यंत ते तिथंच होतं. काठाला लागल्यावर चिरंजीव तरंगा उलटा करायला गेले, तर वहिनी म्हणाल्या, "थांब रे," आणि पोच्यात हात बुडवून तो ओला हात त्यांनी जाकिटाला पुसला.

३१ मार्च

वहिनी गेल्या. दोन पेट्या आणि मशीन. मशीन न्यायचं म्हणून मुलीशी भांडल्या म्हणे.

निघताना म्हणाल्या, "कयाक क्लबाला नको. तुमच्याकडे राहू दे. थंडीत येईन मी. पाण्यात नेलंत, आता सुटका नाही तुमची."

"आधी कळवा. तरंगे तपासायला वेळ लागतो मला."

"माहीत आहे किती लागतो ते," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. हसत होत्या की काय, काच वर गेल्यामुळे नीट दिसलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

दिवसभर हाताला काम नव्हतं. दुरुस्त करण्यासारखं घरात काही उरलं नाही. एक चांगली बादली काढून पाहिली, चिरली आहे का म्हणून. नव्हती.

दुपार कलल्यावर दोन्ही तरंगे आवारातल्या भिंतीपाशी विटांवर ठेवले. टेलरच्या तरंग्यावर बसलो. डाव्या पायाची घडी घातली. इथून तळं दिसत नाही, समोर सूनबाईची कपडे वाळत घालायची दोरी दिसते. चिरंजीवांचा सदरा वाऱ्यानं फुगत होता. काखेत एकही चुणी नाही, तरी फुगत होता.

सूनबाई चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली. एरवी माझा कप देऊन आत जाते. आज तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि दुसऱ्या तरंग्यावर टेकली. प्लास्टिक करकरलं. ती दचकून अर्धी उठली.

"अय्या, बाबा, किती खपून सरळ केलात तुम्ही. पोचा पडेल ह्याला."

"पडू दे," म्हटलं. "बस."